कट्ट्यासमोरून पळताना

आमच्या गावात बाया पळतात, पण त्याला कुणी पळणं म्हणत नाही. म्हशीनं दावं तोडलं, माळवदावर वाळत घातलेल्या तुरीवर पावसाचे थेंब आले, लेकरू हौदाच्या कडेला गेलं की आम्ही पळतो. काम झालं की थांबतो. पळालो होतो हे आपल्यालाही नंतर आठवत नाही.

पळणं म्हणून धरतात ते एकच, जत्रेच्या दुसऱ्या दिवसाचं. त्या दिवशी महिला संघ बायांची शर्यत लावतो. शाळेच्या फाटकापासून निघायचं, वेशीतून बाहेर पडून आळंदच्या रस्त्यानं ओढ्याच्या पुलापर्यंत जायचं, तिथं ठेवलेल्या ड्रमाला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. फाटकाला आधी हात लावील तिचा पहिला नंबर.

यात ओढ्याकडून वर यायचा चढ आहे, ऊन आहे, रस्त्यावर खडी आहे. पण अवघड जागा त्यातली एकही नाही. अवघड जागा आहे कट्टा.

वेशीतून आत आलं की मारुतीचं देऊळ आणि त्याच्या समोर दगडी कट्टा. त्यावर गावातली म्हातारी माणसं बसलेली असतात. शर्यत सुटते तेव्हा ती आत आरतीला असतात आणि कट्टा रिकामा असतो, पण बाया परत येईपर्यंत सगळी बाहेर येऊन बसतात. सुनांनी कट्ट्यासमोरून जाताना पदर पुढं ओढायचा, मान खाली घालायची, पावलं लहान करायची. पूर्वी चपलाही हातात घ्यायच्या. आता चपला कुणी काढत नाही, पण पदर आणि पावलं तशीच राहिली आहेत. गावच्या लेकींना हे काही नसतं. लेक उघड्या डोक्यानं, हात हलवत, म्हाताऱ्यांना हाका मारत जाते. आम्ही दुसऱ्या गावच्या लेकी, म्हणून आम्ही या गावच्या सुना.

मी पळाले त्याच्या आदल्या वर्षी मी शर्यत माळवदावरून बघितली. खाली जायला लाज वाटत होती आणि चुलीवर पुरण होतं. माझी लेक शेजारी उभी होती. ती तेव्हा आठवीत होती आणि शाळेकडून तालुक्याच्या शर्यतीत पळाली होती. वेशीतून आधी आमची थोरली जाऊ आली. ती अंगानं दणकट, तुरीचा भारा एकटी उचलणारी. तिच्या मागं आणखी चार-पाच सुना, त्यांच्या मागं उमरग्याला दिलेली गावची लेक. सगळ्या जोरात येत होत्या. कट्टा आला आणि सगळ्या सुनांचे हात एकदम पदराला गेले. पावलं बारीक झाली. नवरीला मांडवात नेतात तशा एकामागं एक हळूहळू चालायला लागल्या. कट्टा संपल्याबरोबर परत पळायला लागल्या. तेवढ्यात गावची लेक मोकळ्या डोक्यानं सगळ्यांच्या पुढं निघून गेली.

सगळा गाव हसला. मीही हसले. लेक हसली नाही.

"माय, मोठी आई हितं हरली," ती म्हणाली. "पळण्यात न्हाई हरली."

ती जावेला मोठी आई म्हणते.

पुढच्या हिवाळ्यात शाळेतल्या खेळाच्या सरांनी निरोप पाठवला. पोरीला गुलबर्ग्याच्या वसतिगृहात जागा मिळण्यासारखी आहे. तिथं राहणं, शिकणं आणि पळण्याचा सराव. जत्रा झाली की घरच्या मोठ्या माणसानं येऊन होकार द्यायचा. आमच्या घरात मोठं माणूस म्हणजे सासरे. सासूबाई नाहीत. आमचे हे टेंपो चालवतात, आळंदच्या अडतीला तूर नेतात. त्यांना विचारलं की ते म्हणतात, "अप्पा म्हणतील तसं."

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात, फक्त आम्ही दोघी सुना मामा म्हणतो. मामा वाईट माणूस नाहीत. पण जेवताना विषय निघाला तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "पळायला शिकायचं म्हंजे काय? म्हैस सुटली की सगळीच पळतेत. ते काय शिकावं लागतंय व्हय?"

"म्हशीमागं पळणं येगळं आणि माणसासंगं पळणं येगळं असतंय अप्पा," लेक म्हणाली.

"काय येगळं असतंय?"

"म्हैस डोकं चालवत न्हाई. माणूस चालवतंय."

"डोक्यानं पळतेत का पायानं?"

"पायानं पळतेत. पण जिंकतेत डोक्यानं."

मामा हसले. मला वाटलं विषय तिथं संपला. पण त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडं मान केली. मी दाराआड उभी होते.

"मग असं कर. तुझ्या मायला शिकव. कट्ट्याकडं बघायला लाजणारी बाई हाय ती. जत्रंत पळून ती पयल्या तिघींत आली, तर मी समजतो पळणं शिकावं लागतंय. मी सोता गुलबर्ग्याला येऊन सांगतो, घ्या आमची पोरगी."

"आन न्हाई आली तर?"

"मग तू हितंच शीक. म्हशी हायेतच."

आत जाऊ भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मीही हसले असते, पण लेक माझ्याकडं बघत होती आणि तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

पळायचं तर सराव पाहिजे, आणि आमच्याकडं सुनेनं काम नसताना पळणं म्हणजे वेड लागल्याची खूण. म्हणून लेकीनं काम शोधलं. सकाळी शेतात माणसांना भाकरी न्यायची असते. ती मी रोज डोक्यावर टोपलं घेऊन चालत नेत असे. आता वेस सुटली की मी टोपलं कमरेवर घ्यायची आणि पळत सुटायची. कुणी विचारलं तर लेकीनं उत्तर शिकवलं होतं.

"कामून पळायलीस गं?"

"भाकरी निवायली."

दोन-तीन दिवस लोकांना खरं वाटलं. मग वाटेवरच्या मळ्यातली म्हातारी म्हणाली, "अगं बाई, तुमच्या घरात रोजच भाकरी निवायली का? चूल बदला."

शेतावर गेल्यावर लेकीची शाळा सुरू व्हायची. शाळेच्या वेळेआधी ती बांधावर येऊन उभी राहायची आणि मला असं शिकवायची, जसं मी तिला लहानपणी वेणी घालायला शिकवलं होतं, हात धरून.

तिचं पहिलं सांगणं असं की सुरुवातीला कुणाच्या नादी लागायचं नाही. शिट्टी वाजली की सगळ्या जोरात सुटतात, कारण लोक बघत असतात. त्यांना जाऊ द्यायचं. लोक फाटकापाशी असतात, ओढ्यापाशी कुणी नसतं. मग आपल्यापुढची एक पाठ निवडायची आणि तिच्यामागं लागायचं. तिच्या पाठीनं वारा अडतो. वाट तिनं काढायची, आपण तिच्या पावलावर पाऊल टाकायचं. तिचा दम ऐकायचा. दम तुटक झाला, बोलणं बंद झालं की समजायचं आता ही संपत आली.

"हे येतंय मला," मी म्हणाले.

खरंच येत होतं. लग्न झाल्यापासून मी बांधावरून जावेच्या मागं चालते. पुढं जाऊ, मागं मी, माझ्या मागं रोजंदारीच्या बाया. बांध अरुंद असतो, दोघी शेजारी मावत नाहीत, आणि मावल्या तरी थोरल्या जावेच्या पुढं कोण जाणार? तिची पाठ मला माझ्या हातापेक्षा जास्त ओळखीची आहे. ती दमली की तिचा डावा कोपरा अंगापासून लांब जातो. रागावली की मान ताठ होते. भूक लागली की ती बांधावरचं गवत तोडत चालते. मागं राहून पळायचं असेल तर माझ्याएवढी तयार बाई तालुक्यात मिळाली नसती.

अडचण झाली पुढं जाताना.

लेक पुढं पळायची आणि मी तिला मागं टाकायचं, असा सराव होता. ती मुद्दाम हळू पळत होती. मी मागनं आले, तिच्या खांद्याला खांदा लागला, आणि मी परत मागं सरले.

"कामून मागं गेलीस?"

"तू दिसलीस म्हणून."

"अगं, दिसणारच की मी. मी तर लेक हाय तुझी."

"लेक असलीस म्हणून काय. मधी शिरायचं कसं कुणाच्या?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग समजावून सांगायला लागली. शेजारी येऊन थांबायचं नाही. शेजारी थांबलं की पुढच्या बाईला जाग येते आणि ती जोर लावते. मागं असतानाच दम साठवायचा, आणि निघालं की असं निघायचं की तिला वाटलं पाहिजे, ही आता हाताला लागत नाही. पुढं गेल्यावर वळून बघायचं नाही. वळून बघितलं की मागच्या बाईला कळतं, ही भ्यायलीय.

"हे सगळं मोठ्या आईसमोर करायचंय बघ," ती म्हणाली. "ती बी पळणार हाय."

ते मला माहीत होतं. जावेनं स्वतःच सांगितलं होतं. हौदावर भांडी घासताना ती म्हणाली, "पोरगी गुलबर्ग्याला गेली तर मला बी बरंच वाटतंय. पण तिच्यासाठी म्हणून मी मागं राहीन असं धरून चालू नको. मी पाय आखडले तर मामा काय म्हणतील? फसवलाव म्हणतील. मग पोरीचं बी गेलं आन माझं बी."

"व्हय अक्का."

"आन मला पळायला आवडतंय," तिनं तवा पालथा घातला. "वर्षातनं एकदाच मिळतंय."

राहिला कट्टा. त्याच्यासाठी लेकीनं जे केलं ते आठवलं की मला अजून एकटीला हसू येतं. तिनं शेतातल्या कोठ्यातून भुसा भरलेली पाच-सहा पोती आणली आणि बांधाच्या कडेला ओळीनं बसवली. एका पोत्याला काठी टेकवली. मधल्या पोत्यावर मामांची जुनी पांढरी टोपी घातली.

"हा कट्टा," ती म्हणाली. "आता ये पळत."

मी पळत आले. समोर पोती आहेत हे मला दिसत होतं. ती आमचीच पोती, त्यात आमचाच भुसा, ती मीच शिवलेली. तरी ती टोपी दिसली आणि माझा हात पदराला गेला, मान खाली गेली आणि मी पोत्यांसमोरून हळूहळू चालत गेले.

लेक बांधावर बसली आणि पोट धरून हसली. मीही बसले. आम्हा दोघींना उठवेना.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पण तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आधी पाय थांबत नव्हते. आधी हात वर जात होता. हात पदराला धरून बसला की तो हलत नाही, आणि पळताना हात हलला नाही की पायही मंद होतात. पायांचा दोष नव्हता. पदर घसरेल या भीतीनं हात जात होता. मी घरी येऊन फळीवरच्या डबीतून काळ्या पिना काढल्या. पदर कपाळापर्यंत पुढं घेतला आणि कानाच्या मागं, डोक्यावर, वेणीपाशी, जिथं जिथं मिळेल तिथं पिना लावल्या. मान हलवून बघितली. पदर जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पोत्यांसमोरून मी पळाले. अगदी मोकळं पळाले असं नाही, टोपीपाशी पावलं अडखळली. तेव्हा लेक ओरडली, "माय, पोतं हाय ते." ते ऐकून अडखळणं कमी झालं. मग मी पळताना मनातच म्हणायला लागले, पोतं हाय, पोतं हाय.

त्या आठवड्यात मामा सकाळी घरभर शोधत फिरत होते.

"माझी जुनी टोपी कुठं गेली? आन घावली ती धुळीनं भरलेली. कुणी घातलती?"

आम्ही दोघी मायलेकी जमिनीकडं बघत राहिलो.

जत्रेचा दुसरा दिवस. शाळेपुढं भोंगा लावला होता. सर आधी कन्नडमधून सांगत होते, मग मराठीतून, मग घाई झाली की दोन्ही एकत्र. आम्ही पंधरा-वीस बाया रांगेत उभ्या होतो. सगळ्यांनी साड्या वर खोचल्या होत्या आणि सगळ्या एकमेकींकडं बघून लाजत होत्या. दोन गावच्या लेकी होत्या, एक उमरग्याची, दुसरी सोलापूरला दिलेली, आणि बाकी सगळ्या सुना. जाऊ माझ्या शेजारी होती. तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं.

"किती पिना लावलीस गं? माहेरी चाललीस का?"

"पदर ऱ्हात न्हाई अक्का."

"बरंय. पडलीस तर पदर तरी ऱ्हाईल."

शिट्टी वाजली आणि सगळ्या सुटल्या. मी लेकीचं ऐकलं आणि मागं राहिले. मागं म्हणजे अगदी मागं. भोंग्याजवळची पोरं ओरडली, "मावशी, भाकरी निवायली का?" सगळा गाव हसला. माझे कान गरम झाले. मनात आलं, आता बाजूच्या बोळातून सरळ घरी जावं. पण वेशीच्या बाहेर लेक उभी होती. ती ओरडली नाही, तिनं फक्त हाताचा पंजा खाली दाबून दाखवला, हळू, हळू.

ओढ्याच्या अलीकडंच पहिल्या दमात सुटलेल्या बाया चालायला लागल्या होत्या. एक तर कडेला बसून पायातला काटा काढत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना काट्याची हकीकत सांगत होती. मी एकेकीच्या बाजूनं पुढं गेले. त्या चालत होत्या, मी पळत होते, त्यामुळे मधी शिरल्यासारखं वाटलं नाही. पुलावरच्या ड्रमाला वळसा घातला तेव्हा पुढं तिघीच राहिल्या होत्या. त्या दोन लेकी बऱ्याच पुढं, आणि त्यांच्या मागं आमची जाऊ.

तिसरी जागा जावेची होती. मला पाहिजे ती तिचीच जागा.

मी तिच्या मागं लागले. ओढ्याकडून वर येताना समोरून वारा होता आणि तिची पाठ रुंद. मी त्या पाठीआड पळत होते. बांधावरून जातो तसंच वाटत होतं, फक्त जरा घाईत. ती काही बोलत नव्हती. चढ संपता संपता तिचा डावा कोपरा अंगापासून लांब गेला.

लेक म्हणाली असती, आता निघ. माझ्या अंगात दम होता, पाय मोकळे होते, रस्ता रुंद होता. पण मला निघता येईना. थोरल्या जावेला मागं टाकून कशी जाणार, काही न बोलता? म्हणून मला जे येतं ते मी केलं. बांधावर घाईचं काम असलं की मी करते तेच. मी मागून विचारलं.

"अक्का, पुढं येऊ का?"

"न्हाई," जाऊ म्हणाली.

आता काय करावं? ती नाही म्हणाली होती. मी तिच्या मागं पळत राहिले. थोड्या वेळानं मी परत विचारलं.

"अक्का, मला घाई हाय."

"मला बी हाय," ती म्हणाली आणि तिनं वेग वाढवला.

वेस आली. वेशीच्या सावलीत क्षणभर गार वाटलं आणि मग पुढं देऊळ दिसलं, कट्टा दिसला. कट्ट्यावर सगळे बसले होते. मधोमध मामांची पांढरी टोपी, धुतलेली, उन्हात चमकणारी. लोक दोन्ही बाजूंना होते आणि सगळे आपोआप गप्प झाले होते, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की आता सुना थांबणार.

जावेचा हात वर गेला. तिनं पदर ओढला, मान खाली घातली, पावलं बारीक केली. इतके दिवस तिच्यामागं चालल्यामुळे माझे पायही तिच्याबरोबर बारीक व्हायला लागले. माझा हात उठला. उठून डोक्याला लागला, आणि त्याला पदर जागच्या जागी सापडला. त्याला काही काम नव्हतं. तो परत खाली आला.

पोतं हाय, मी मनात म्हणाले. पोतं हाय, पोतं हाय.

आणि जावेच्या बाजूनं मी पळत गेले. कट्ट्यासमोरून, मामांसमोरून, त्या टोपीसमोरून. मान खाली होती, ते खरं. वर बघायची हिंमत नव्हती. मला फक्त माझ्याच पायांपुढची फरशी दिसत होती आणि ती भराभर मागं जात होती.

मागून आवाज आला. "ए! थांब गं!"

जावेचा आवाज. घरात या आवाजाला मी थांबले नाही असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. वळून बघायचं नाही असं लेकीनं सांगितलं होतं, पण मोठ्या माणसानं हाक मारली आणि ओ द्यायची नाही, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

"ओ अक्का, आले," मी म्हणाले, आणि आणखी जोरात पुढं पळाले.

लोक हसायला लागले. मागं तिची पावलं ऐकू येत होती, धपधप, जवळ, आणखी जवळ. तिचा दम माझ्या पाठीला लागत होता. फाटकाच्या जाळीला मी दोन्ही हात लावले तेव्हा तिचा हात माझ्या हाताशेजारी येऊन पडला. पण नंतर पडला. सरांनी भोंग्यातून तिसरा नंबर कन्नडमध्ये सांगितला, आणि मला कळलं तरी मी कुणीतरी मराठीत सांगेपर्यंत थांबले. तोपर्यंत लेक येऊन माझ्या गळ्यात पडली होती. पिना तिच्या गालाला टोचल्या.

मागून हळूहळू कट्टा उठून शाळेकडं आला. म्हाताऱ्यांना मामांची थट्टा करायची होती.

"काय अप्पा, धाकटी सून मान न देता गेली की समोरनं."

मी लेकीच्या आड उभी होते. मामा म्हणाले, "पदर व्हता का न्हाई डोक्यावर?"

"पदर व्हता."

"मान खाली व्हती का न्हाई?"

"खाली व्हती."

"मग झालं की. पायाला घाई व्हती, पायाचं काय घेऊन बसलाव."

मला स्टीलचा डबा मिळाला. तो हातात घेऊन मी घरी आले तेव्हा जाऊ चुलीपुढं बसली होती. मी डबा कुठं ठेवावा ते मला सुचेना. तो तिच्यासमोर ठेवला असता तर डिवचल्यासारखं झालं असतं, आणि लपवला असता तर चोरल्यासारखं.

"मी न्हाई म्हणलते," जाऊ म्हणाली.

"व्हय अक्का."

"तरी गेलीस."

"व्हय."

तिनं फुंकणीनं चूल फुंकली. मग तोंड तिकडंच ठेवून म्हणाली, "डबा चांगला दिसायलाय. झाकण घट्ट हाय का बघ. त्यात शेंगदाण्याचा कूट ठेवू." आणि लाकूड आत सारत, "पिना कुठनं आणलीस?"

"डबीतल्याच."

"पुढल्या वर्षी मी बी लावणार. मग बघते कशी जातीस."

दोन दिवसांनी मामांनी सकाळीच हाक मारली. ते अंगणात पायात वहाणा घालून उभे होते आणि लेक शाळेचा गणवेश घालून त्यांच्या शेजारी.

"आम्ही गुलबर्ग्याला चाललाव. तिथल्या सरांना भेटून येताव," ते म्हणाले. मग जरा खाकरले, कारण ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत, भिंतीशी बोलतात. "माझी टोपी काढून द्या. धुतलेली. पोत्यावर घातलेली नगं."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी पदर पुढं ओढला, पण हसू त्याच्या बाहेरच राहिलं.

आता लेक गुलबर्ग्यात असते. रविवारी तिचा फोन येतो. मागच्या वेळी तिनं सांगितलं, बिदरकडची एक पोरगी आहे, तिच्यापेक्षा उंच आणि वेगवान. पण शेवटच्या वळणाआधी त्या पोरीचा दम तुटक होतो, ते हिनं ऐकलंय. मी म्हणाले, मग आता कशाची वाट बघायलीस? ती हसली. म्हणाली, "माय, विचारू का तिला, पुढं येऊ का म्हणून?"

भाकरी मीच नेते, आणि आता जाऊही माझ्याबरोबर येते. काल आम्ही दोघी निघालो. वेस सुटेपर्यंत ती पुढं, मी मागं, नेहमीसारखं. मळ्याच्या पुढं रस्ता रुंद होतो. तिथं तिनं एकदा मागं वळून बघितलं, आसपास कुणी नाही हे पाहिलं आणि टोपलं डोक्यावरून कमरेवर घेतलं. मग ती काही न बोलता पळत सुटली.

मीही सुटले. मळ्यातली म्हातारी बोरीखाली उभी होती, ती आम्हाला दिसली नव्हती.

"आता कामून पळायलाव दोघी?"

"भाकरी निवायली," आम्ही दोघींनी एकदम सांगितलं, आणि दोघींपैकी एकही थांबली नाही.